तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : दिल्ली ते टोकियो, किती लांब आणि किती तास?

मागच्या अंकात प्रवासाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच आला, आणि त्यातली बरीच पत्रं दिल्ली-टोकियो या एकाच मार्गाबद्दलची. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला, कुणाची सून शिकायला, कुणी चेरी ब्लॉसम बघायला निघालंय. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि सगळी जागा याच विषयाला दिलीय.

प्रश्न : मुलगा टोकियोला असतो, त्याने तिकीट पाठवलंय. जाताना दिल्लीहून रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला पोचायचं, म्हणजे ११ तास. येताना सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५ ला दिल्ली, म्हणजे फक्त ६ तास! एवढा फरक कसा? आणि अंतर नेमकं किती आहे? माझे गुडघे दुखतात म्हणून विचारतेय, ११ तास बसणं झेपेल का?

उत्तर : ताई, ११ तास बसायचं नाहीये, आधी ते मनातून काढा. तिकिटावर सुटायची वेळ दिल्लीची असते आणि पोचायची टोकियोची. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे टोकियोत सकाळचे ७ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात, रात्री ८ ते पहाटे साडेतीन मोजा, साडेसात तास भरतात. आता येतानाचं बघा. टोकियोचे सकाळचे ११ म्हणजे आपले साडेसात, तिथपासून संध्याकाळी ५ पर्यंत साडेनऊ तास. म्हणजे तिकिटावर जे मोठं दिसतंय ते खरं तर छोटं आहे आणि जे छोटं दिसतंय तेच मोठं. गुडघ्यांची काळजी करायची तर ती येतानाची करा, आईल सीट घ्या, मधून मधून उठून चार पावलं चाला.

युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करतात, तसं भारतात आणि जपानमध्ये काही नाही, त्यामुळे हा साडेतीन तासांचा हिशोब वर्षभर तोच राहतो, एकदा पाठ केला की झालं. बहुतेक बुकिंग साइटवर तिकिटाखाली बारीक अक्षरात एकूण वेळ लिहिलेला असतो, तो आकडा खरा धरा, वरच्या दोन वेळांची वजाबाकी करत बसू नका.

अंतराचं म्हणाल तर दिल्ली आणि टोकियो यांच्यात सरळ अंतर साधारण ५,८५० किलोमीटर. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून सगळ्यात जवळच्या वाटेने. विमान प्रत्यक्षात उडतं ते सहा हजारांच्या वर, का ते पुढच्या एका प्रश्नात येईलच. आणि तिकिटावरचा वेळ हा दिल्लीच्या गेटवरून विमान हललं तिथपासून टोकियोच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, निव्वळ हवेतला नाही. दिल्लीचा विमानतळ अवाढव्य, चार रनवे, नुसतं रनवेपर्यंत रांगत जायलाच पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, ती पण त्यात धरलेली.

प्रश्न : अंतर तेच, विमान तेच, मग येताना दोन तास जास्त का लागतात? पायलट मुद्दाम हळू चालवतात का?

उत्तर : नाही हो, पायलट बिचारा तेवढ्याच जोरात चालवतो, आडवा येतो तो वारा. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा वाऱ्याचा एक जबरदस्त पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि जगात तो जिथे सगळ्यात जोरात वाहतो त्या जागांपैकी एक म्हणजे जपानचं आकाश, तेही हिवाळ्यात. तिथे ताशी ३०० किलोमीटरच्या वरही वारा जातो. जाताना हा वारा पाठीशी, येताना थेट तोंडावर.

थोडं गणित करू. धरून चाला की विमान ६,२०० किलोमीटर उडतंय, त्याचा हवेतला वेग ताशी ९०० आणि अख्ख्या वाटेवर सरासरी वारा ताशी १२०. जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग झाला १,०२०, म्हणजे सहा तासांच्या किंचित वर. येताना वेग उरला ७८०, म्हणजे जवळपास आठ तास. दोन्हीत चढणं, उतरणं, रांगणं याचा तासभर मिळवा आणि उशीर झाला तर असावा म्हणून कंपन्या थोडा वेळ राखून ठेवतात तो मिळवा, आले ना साडेसात आणि साडेनऊ? वारा नसता तर दोन्ही बाजूंनी ६ तास ५३ मिनिटं लागली असती. आता गंमत बघा, जाताना वाऱ्याने वाचवली सुमारे ४९ मिनिटं पण येताना खाल्ली ६४. म्हणजे जाऊन येऊन हिशोब फिटत नाही, वारा थोडं जास्तच घेतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान हळू होतं आणि हळू झाल्यामुळे त्याच वाऱ्यात जास्त वेळ अडकून राहतं. उन्हाळ्यात हा पट्टा उत्तरेला सरकतो आणि ढिला पडतो, तेव्हा जाण्यायेण्यातला फरक कमी होतो. जानेवारीत मात्र चांगलाच जाणवतो.

या वाऱ्याची एक गोष्ट मला फार आवडते म्हणून जागा खाऊन सांगतोच. हा वारा नीट मोजणाऱ्या पहिल्या लोकांतला एक माणूस जपानीच होता, वासाबुरो ओइशी. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथे हवामानाची वेधशाळा होती, तिथे तो फुगे सोडायचा आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा, फुगे वर गेले की पूर्वेकडे सुसाट पळतात हे त्याला १९२४ च्या डिसेंबरात दिसलं. जगाला कळावं म्हणून १९२६ मध्ये त्याने अहवाल छापला, पण छापला कुठल्या भाषेत तर एस्पेरान्तोमध्ये! जगातल्या सगळ्यांनी शिकावी म्हणून मुद्दाम तयार केलेली भाषा ती, पण ती येणारे लोक मूठभर, त्यामुळे बाहेर कुणी फारसं वाचलंच नाही. पुढे १९४४ च्या शेवटी अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं तीस हजार फुटांवरून जपानवर आली तेव्हा त्यांना या वाऱ्याने हैराण केलं, वाऱ्याबरोबर गेलं की विमान इतकं जोरात पळायचं की बॉम्बचा नेम लागेना, आणि वाऱ्याविरुद्ध गेलं की जागचं हलेना. त्याच काळात जपानने याच वाऱ्यावर भरवसा ठेवून बॉम्ब लटकवलेले सुमारे नऊ हजार कागदी फुगे पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडले. ओइशीचा अहवाल इंग्रजीत असता तर काय झालं असतं, हा विचार मला अधूनमधून छळतो.

तुम्ही जाल तेव्हा समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड बघत रहा, चीनच्या पूर्व किनाऱ्यानंतर तो हजाराच्या वर जाताना दिसेल, हिवाळ्यात अकराशेच्या पुढेही जातो. घाबरू नका, विमान आवाजाचा वेग वगैरे ओलांडत नाही, आजूबाजूच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगात असतं, ती हवाच त्याला उचलून पुढे नेत असते.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान हवेत असताना टोकियो पुढे पुढे पळणार आणि दिल्ली आपल्याकडे येणार. म्हणजे जाताना जास्त वेळ लागायला हवा, येताना कमी. तुम्ही उलटं सांगताय. (आठवीतला वाचक)

उत्तर : शाब्बास मित्रा, प्रश्न एक नंबर, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही हे विचारायला लाजतात. दिल्लीच्या आसपास जमीन ताशी साधारण १,४६० किलोमीटरने पूर्वेकडे फिरत असते. विमानाचा वेग ९००. तू म्हणतोस तसं टोकियो पुढे पळत असतं तर विमान टोकियोला कधी पोचलंच नसतं, उलट ते उडाल्या उडाल्या मागेमागे जाऊन अरबस्तानात दिसलं असतं! तसं होत नाही कारण पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, आणि विमान गेटवर उभं असतं तेव्हासुद्धा तो वेग त्याच्या अंगात असतोच. चालत्या ट्रेनमध्ये चेंडू सरळ वर उडवलास तर तो परत तुझ्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही, तसंच.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा काहीच संबंध नाही असंही नाही हां. विषुववृत्ताकडची गरम हवा वर चढून ध्रुवाकडे निघते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच वरचा तो जेट स्ट्रीम तयार होतो. म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून वारा, आणि वारा आहे म्हणून जाताना लवकर. तुझ्या सरांना सांग.

प्रश्न : ग्लोबवर दोरा ताणून बघितला तर दिल्ली-टोकियो दोरा हिमालय आणि तिबेटवरून जातो. पण फ्लाइट ट्रॅकिंग ॲपवर विमान बांगलादेश, म्यानमार करत खालून जाताना दिसलं. हा लांबचा वळसा का?

उत्तर : दोरा बरोबर आहे तुमचा. सगळ्यात जवळची वाट दिल्लीहून ईशान्येला निघते, हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावर चढते, चीनच्या उत्तर भागातून कोरियावरून टोकियोला उतरते. पण त्या वाटेने विमानं सहसा जात नाहीत, आणि कारण डोंगराला धडकायची भीती हे नाही, एव्हरेस्ट ८,८४९ मीटर म्हणजे २९ हजार फूट, आणि विमान उडतं ३५ ते ४१ हजार फुटांवर, वरून आरामात जाईल.

खरं कारण डोक्यावरच्या त्या पिवळ्या मास्कमध्ये आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर मास्क खाली पडतात, त्यात ऑक्सिजन किती वेळचा, तर बहुतेक विमानांत साधारण १२ ते २२ मिनिटांचा, विमानाप्रमाणे कमीजास्त. तेवढ्या वेळात पायलटने विमान १० हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर आणायचं असतं, तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. आता तिबेटचं पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे आणि पसरलंय हजारो किलोमीटर. उतरणार कुठे? खाली जमीनच वर आलेली. ल्हासाला जाणाऱ्या विमानांत ऑक्सिजनची जादा सोय असते आणि खाली निसटायच्या वाटा आधीच ठरवलेल्या असतात, पण टोकियोच्या रोजच्या विमानासाठी एवढा खटाटोप कोण करणार, त्यापेक्षा हिमालयाच्या दक्षिणेने पूर्वेला जायचं, म्यानमारवरून चीनच्या युनानमध्ये शिरायचं, कुनमिंगकडून शांघायच्या बाजूला आणि समुद्र ओलांडून जपान. काहीशे किलोमीटर वाढतात पण सगळे निवांत.

एक बारीक गोष्ट, ॲप उघडं असेल तर नक्की बघा. चीनच्या हद्दीत शिरलं की विमानाची उंची किंचित बदलते, ३७,००० असलेली ३७,१०० होते. बिघाड नाही काही. आपल्याकडे आणि जपानमध्ये विमानांची उंची फुटांत ठरवून देतात, चीनमध्ये मीटरमध्ये, ११,३०० मीटरचे फूट केले की ३७,१०० च्या आसपास येतात. जपानच्या हद्दीत गेलं की परत गोल आकडा.

प्रश्न : थेट विमान महाग पडतंय. बँकॉक, हाँगकाँग की सिंगापूर, कुठून बदलून जावं?

उत्तर : नकाशावर बघूनच बरंच कळतं. हाँगकाँगमार्गे दोन्ही टप्पे मिळून साधारण ६,६५० किलोमीटर, म्हणजे वाटेतच आहे म्हणा ना. बँकॉकमार्गे साडेसात हजार, जरा वळसा. सिंगापूर म्हणजे जवळजवळ विषुववृत्तावर जाऊन परत वर यायचं, साडेनऊ हजारांच्या घरात, एअरपोर्ट कितीही सुंदर असला तरी एवढं उडायची हौस असेल तरच. पण किलोमीटरपेक्षा मधला थांबा किती तासांचा हे आधी बघा, हाँगकाँगला नऊ तास बसण्यापेक्षा बँकॉकला अडीच तास बरे. आणि दीड तासाच्या आतलं कनेक्शन साइटने दाखवलं तरी मी तरी घेणार नाही, दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे पहिलंच विमान लटकलं की पुढचं सगळं बोंबलतं.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून स्वस्तात जायचं असेल तर डोळे उघडे ठेवा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, एकावर उतरून दुसऱ्यावरून निघायचं असेल तर इमिग्रेशन करून, सामान घेऊन, शहराच्या ट्रॅफिकमधून जावं लागतं. वर पहिलं विमान लेट झालं म्हणून दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते, तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. एकाच बुकिंगवर दोन्ही टप्पे असतील तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची. वाचलेले पैसे आणि हा धोका, तुमचं तुम्ही तोला, सोबत वयस्कर माणसं असतील तर माझं मत थेट विमानालाच.

प्रश्न : पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केलीय, त्याने टोकियोचा वेळ वाढतो का?

उत्तर : नाही. टोकियो पूर्वेला, पाकिस्तान पश्चिमेला. एप्रिल २०२५ च्या त्या बंदीचा फटका दिल्लीहून युरोप, अमेरिका, मध्य आशियाकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना, त्यांना खाली अरबी समुद्राकडून वळसा घालावा लागतो. २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं.

पण या निमित्ताने राजधान्यांचं एक अंतर सांगतो. दिल्ली ते इस्लामाबाद सरळ अंतर जेमतेम ६९० किलोमीटर, तासाभराचं उड्डाण. थेट विमान नाही. आखातातून जायचं तर दिल्ली-दुबई २,२०० च्या आसपास आणि दुबई-इस्लामाबाद आणखी जवळपास दोन हजार, मधला थांबा धरून दहा तासही सहज लागू शकतात. म्हणजे ५,८५० किलोमीटरवरचं टोकियो साडेसात तासांत आणि ६९० वरचं इस्लामाबाद त्याहून जास्त वेळात. सोल आणि प्योंगयांग तर याच्याही पुढचे, दोन राजधान्यांत २०० किलोमीटरसुद्धा नाहीत आणि प्रवासी विमान नाहीच.

प्रश्न : तिकिटावर नुसतं टोकियो लिहिलंय, पण म्हणे तिथे दोन विमानतळ आहेत. कुठला चांगला?

उत्तर : हानेदा आणि नरिता. हानेदा शहरातच समुद्राकाठी, टोकियो स्टेशनपासून पंधराएक किलोमीटर, मोनोरेल किंवा लोकलने अर्ध्या तासात आत. नरिता शेजारच्या चिबा प्रांतात, शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटर, एक्स्प्रेस ट्रेनने टोकियो स्टेशनला तासभर. १९७८ मध्ये नरिता सुरू झाला तेव्हा परदेशी विमानं जवळपास सगळी तिकडे गेली, २०१० पासून हानेदावर परत मोठ्या संख्येने यायला लागली. भाड्यात थोडाच फरक असेल तर हानेदा घ्या, डोळे झाकून. रात्री उशिरा नरिताला उतरत असाल तर शेवटची ट्रेन किती वाजता ते आधी बघून ठेवा, ती चुकली तर टॅक्सीचं बिल बघून झोप उडेल. तिकिटावर तीन अक्षरी कोड असतो, एचएनडी म्हणजे हानेदा, एनआरटी म्हणजे नरिता, आणि न्यायला येणाऱ्याला तो नक्की कळवा.

प्रश्न : खिडकी कुठल्या बाजूची घेऊ? हिमालय दिसतो का? माउंट फुजी?

उत्तर : जाताना डावीकडची, येताना उजवीकडची, दोन्हींसाठी तेच. विमान हिमालयाच्या दक्षिणेने जातं म्हणून डोंगर उत्तरेच्या बाजूला, आणि टोकियोत शिरताना बहुतेक वेळा जपानच्या दक्षिण किनाऱ्याने येतं म्हणून फुजीही त्याच बाजूला. पंखावरची सीट तेवढी टाळा.

जाताना रात्रीचं विमान असेल तर हिमालय काही दिसायचा नाही, अंधारात काय दिसणार. तो येतानासाठी ठेवा, उजेड असेपर्यंत विमान बिहारच्या वर आलं पाहिजे, म्हणजे टोकियोहून सकाळी जितकं लवकर निघेल तितकं बरं, हिवाळ्यात तर फारच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते, जुलै-ऑगस्टात नुसते ढग. फुजी जाताना पहाटे मिळू शकतो, पण जागं रहावं लागेल, आणि जून महिना असेल तर सूर्य फार लवकर उठवतो, टोकियोत तेव्हा साडेचारच्या आधीच उजाडतं, आपल्या घड्याळात रात्रीचा एक सुद्धा वाजलेला नसतो आणि खिडकीतून लख्ख ऊन. तुमच्या शेजारचे झोपलेले असतील, शटर अर्धंच उघडा.